बर्फावर फोर बाय फोर आणि एबीएस : सोलापूरहून हिमालयात गाडी नेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरवरून जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धाराशिव, बीड, धुळे, इंदूर करत थेट पंजाबातल्या संगरूरपर्यंत पोहोचतो. म्हणजे मनालीच्या पहिल्या बर्फाला चाक लागण्याआधी आपली गाडी दोन हजार किलोमीटरच्या आसपास कोरड्या रस्त्यावर धावलेली असते, आणि ब्रेकवरच्या पायाला त्याच रस्त्याची सवय लागलेली असते. पुढचे प्रश्न त्यासाठी आहेत. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, गुरखा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस अशा फोर व्हील ड्राइव्ह गाड्या डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

फोर बाय फोर गाडी बर्फावर लवकर थांबते ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, म्हणून तो आधी घेतला. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, साध्या हॅचबॅकच्याही. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देतं. त्याचा उपयोग जागेवरून निघायला आणि चढ चढायला होतो. थांबताना कामाला येते ती टायरची रस्त्यावरची पकड, आणि ती टू व्हील ड्राइव्हला जेवढी मिळते तेवढीच मिळते.

खरा धोका असा, की टू व्हील ड्राइव्ह गाडीचं चाक निघतानाच फिरतं आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला लगेच कळतं. फोर बाय फोर मात्र अलगद निघते. चाळीस-पन्नासचा वेग सहज येतो, आणि रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर समजतं. गाडी जड आहे म्हणून पकड जास्त मिळेल, हाही हिशेब चुकीचा आहे. वजनाबरोबर पकड वाढते, पण थांबवायचं वजनही तितकंच वाढतं.

थांबायला किती अंतर लागतं? आकड्यांत सांगा.

ताशी ४० किलोमीटर वेगावरून पूर्ण ब्रेक दाबला, तर सपाट रस्त्यावर साधारण असं अंतर लागतं : कोरड्या डांबरावर ८ मीटर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ३० मीटरच्या पुढे आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या पुढे. यात तुम्हाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी ११ मीटर जाते. वेग निम्मा केला की अंतर चौथाई होतं. ताशी २० ला त्याच काचेवर साधारण १६ मीटर लागतात.

उतारावर गणित आणखी कठीण होतं. गोठलेल्या थराची पकड कोरड्या डांबराच्या आठव्या हिश्शाएवढी, म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, तर दर १० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ती सगळी पकड गाडीला खाली ओढणाऱ्या जोराशी बरोबरी करण्यातच संपते. वेग कमी करायला काहीच उरत नाही. अशा उतारावर घसरायला लागलेली गाडी एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो, नसो, उतार संपेपर्यंत किंवा पकड बदलेपर्यंत थांबत नाही. डोंगराळ रस्त्यांवर १० टक्क्यांचे तुकडे भरपूर असतात.

मग एबीएस नेमकं करतं काय?

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक गाडीच्या मानाने फार झपाट्याने मंदावतंय, म्हणजे आता जाम होणार, असं दिसलं की कंट्रोल युनिट त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा व्हॉल्व्ह बंद करतं. तरीही चाक सावरलं नाही, तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून दाब कमी करतं, आणि चाक फिरायला लागलं की पुन्हा दाब वाढवतं. हे चक्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं.

फिरणारं चाकच गाडीला वळवू शकतं. जाम झालेलं पुढचं चाक तुम्ही कितीही वळवा, ते सरळच घसरत राहतं. म्हणजे एबीएस तुम्हाला स्टिअरिंग राखून देतं. रस्त्यावर जी पकडच नाही, ती ते आणू शकत नाही. भारतात १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर ते आहेच.

बर्फात एबीएसमुळे गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबते, असं ऐकलं. खरं आहे का?

बर्फ कोणता, त्यावर ते ठरतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात जाम झालेलं चाक खाली रुततं आणि पुढे बर्फाचा ढीग साचवतं. तो ढीगच अडसर होऊन गाडी रोखतो. एबीएस चाकाला फिरत ठेवतं, म्हणून ढीग साचत नाही आणि अंतर वाढतं. आपल्याकडच्या सुट्या मुरमावर किंवा खडीवर हेच घडतं.

घट्ट दाबलेल्या बर्फावर आणि गोठलेल्या काचेवर असा ढीग होतच नाही. तिथे एबीएस अंतर फारसं कमीही करत नाही, पण गाडी आडवी होऊ देत नाही. एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला कडा असलेल्या रस्त्यावर गाडीचं तोंड सरळ राहणं हे चार मीटर आधी थांबण्यापेक्षा मोलाचं आहे, असं आमचं ठाम मत आहे.

मग भुसभुशीत बर्फासाठी एबीएसचा फ्यूज काढून ठेवावा का?

अजिबात नाही. त्याच युनिटवर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल राखणारं ईबीडी, घसरणारी गाडी सरळ ठेवणारं ईएसपी आणि उतारावर आपोआप ब्रेक लावणारं हिल डिसेंट कंट्रोल चालतं. फ्यूज काढला की तेही जातं, आणि मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गरकन फिरू शकते. शिवाय डोंगरात एकाच प्रकारचा बर्फ सलग कुठेच नसतो. दोनशे मीटर भुसभुशीत, पुढच्या वळणावर काच आणि त्यापुढे ओलं डांबर, असा रस्ता असतो. भुसभुशीत बर्फावर वेग कमी ठेवा. तेवढं पुरतं.

ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं, खालून खडखड आवाज येतो. पाय काढायचा का?

काढायचा नाही. व्हॉल्व्ह उघड-बंद होताहेत आणि पंप ऑइल परत ढकलतोय, त्याची ती थरथर आहे. पाय घट्ट दाबून तसाच ठेवा, पंप करू नका. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेकबरोबर क्लचही पूर्ण दाबा. याचं कारण बर्फावर जास्त महत्त्वाचं आहे. क्लच सोडलेला असेल तर मंदावलेल्या चाकाला पुन्हा वेग घेताना इंजिन आणि सगळे शाफ्टही फिरवावे लागतात. कोरड्या रस्त्यावर ते चटकन होतं, पण बर्फाची पकड एवढी कमी, की चाक सावरायला वेळ लागतो आणि एबीएसचं चक्र मंदावतं.

स्टिअरिंग जिकडे जायचं तिकडे हलकेच वळवा. एकदम पूर्ण वळवलेलं चाक बर्फावर नुसतं खरवडत जातं. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या : ताशी पाच-सात किलोमीटरच्या खाली बहुतेक गाड्यांत एबीएस काम सोडतं, कारण त्याशिवाय गाडी कधी पूर्ण थांबणारच नाही. शेवटच्या मीटरभरात चाकं जाम झाली, तर तो बिघाड नाही.

४एच मध्ये टाकल्यावर एबीएस नीट चालतं का?

४एच म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद. त्यात एबीएस चालतं, पण त्याचं काम अवघड होतं. हे समजून घेण्यासाठी गाडीची फोर व्हील ड्राइव्ह कोणत्या जातीची आहे ते पाहावं लागेल.

थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस या पार्ट टाइम जातीच्या आहेत. ४एच मध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरबॉक्स) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडतो. दोघांचा वेग एकच. आता ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं मंदावली, की मागच्यांनाही मंदावावंच लागतं. एबीएस गाडीचा खरा वेग थेट मोजत नाही, चारही चाकांच्या वेगावरून तो ताडतं. टू व्हील ड्राइव्हमध्ये निदान एखादं चाक खऱ्या वेगाने फिरत असतं. ४एच मध्ये काचेवर चारही चाकं एकत्र मंदावली, तर कंट्रोल युनिटला वाटू शकतं की गाडीच थांबत आली आहे, जेव्हा ती प्रत्यक्षात घसरत असते. यावर उपाय म्हणून फोर बाय फोर गाड्यांत पुढे-मागे होणारा वेगबदल मोजणारा जी-सेन्सर वापरतात. चाकं सांगताहेत गाडी झपाट्याने थांबली आणि जी-सेन्सर सांगतोय तसं काही झालंच नाही, हा फरक पकडला की युनिट ब्रेकचा दाब सोडतं.

ही अडचण जुनीच आहे. १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश कारमध्ये फोर व्हील ड्राइव्ह आणि यांत्रिक अँटी-लॉक ब्रेक एकत्र आले होते. १९८० च्या दशकातल्या ऑडी क्वात्रोमध्ये मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) लॉक केलं की एबीएस आपोआप बंद व्हायचं, कारण तेव्हाच्या एबीएसला जोडलेल्या चाकांचा हिशेब लागत नव्हता.

मधे इलेक्ट्रॉनिक क्लच असलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत ही भानगड कमी. एबीएस सुरू झालं की तो क्लच सुटतो आणि पुढचा-मागचा शाफ्ट मोकळा होतो.

मग बर्फावर ४एच लावायचं की नाही?

सलग बर्फ असेल तर लावा. निघायला, चढाला आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगला त्याचा फायदा होतो. २एच मध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असताना, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो आणि मागची बाजू घसरू शकते. ४एच मध्ये तोच रोध चार चाकांत वाटला जातो.

४एच सरळ रस्त्यावर, चाक फिरत नसताना लावा. एखादं चाक फिरायला लागल्यावर लिव्हर ओढू नका. कोरडं डांबर लागलं की २एच वर या, नाहीतर वळणावर शाफ्टमध्ये ताण साठतो, गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसचं नुकसान होतं.

४एल आणि डिफरन्शियल लॉकचं काय?

४एल म्हणजे चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त. बऱ्याच गाड्यांत ते लावलं की ईएसपी बंद होतं, काहींत एबीएसचं वागणंही बदलतं. डॅशबोर्डवर कोणते दिवे लागतात ते घरीच, सोलापुरात पाहून ठेवा.

डिफरन्शियल लॉक हा चिखलातून किंवा रुतलेल्या जागेतून बाहेर पडायचा उपाय आहे. बर्फाळ रस्त्यावर चालताना तो लावू नका. लॉक केलेल्या ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे सुटली तर दोन्ही एकदम सुटतात. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं निवांत उभं राहून गाडीला आडवं घसरण्यापासून धरून ठेवतं. दोन्ही सुटली की रस्त्याचा ढाळ जिकडे, तिकडे गाडीचं बूड जातं, आणि डोंगरात ढाळ अनेकदा दरीकडेच असतो. एक चाक नुसतंच फिरत असेल तर ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा थार, जिम्नी अशा गाड्यांत आहे. बर्फावर तीच बरी.

बर्फाळ उतार कसा उतरायचा?

उतार सुरू होण्याआधी थांबा. खाली गाडी अडकलेली आहे का, वळणावर समोरून कोणी येतंय का, ते पाहा. खालचा रस्ता मोकळा होईपर्यंत उतरू नका, कारण मधे थांबता येईल याची खात्री नसते.

थांबलेल्या गाडीत ४एल आणि पहिला किंवा दुसरा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर गिअर मॅन्युअल मोडवर धरून ठेवा. मग क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि गाडीला इंजिनाच्या रोधावर, माणसाच्या चालीने उतरू द्या. उतारावर मधेच गिअर पाडू नका. गिअर पाडल्यावर इंजिनाचा जो झटका चाकांना बसतो, तो ब्रेकमधून येत नाही, म्हणून एबीएसला तो सोडवता येत नाही. इंजिनाच्या रोधानेच चाकं घसरायला लागली, तर ॲक्सिलरेटर अगदी हलकेच द्या. मनाविरुद्ध वाटेल, पण चाक पुन्हा फिरतं आणि स्टिअरिंग परत येतं.

हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते सुरू करा आणि दोन्ही पाय पेडलवरून बाजूला ठेवा. ते प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावतं, आणि हे काम पायाने करता येत नाही. पण त्याच्याही हाती टायरची पकड आहे तेवढीच. वर सांगितलेल्या १० टक्क्यांच्या गोठलेल्या उतारावर तेही घसरेल. तिथे टायरवर बर्फासाठी चढवायच्या चेनशिवाय उतरूच नये.

रस्त्याची एक बाजू कोरडी आणि एक बाजू गोठलेली असेल तर?

डोंगराच्या सावलीतली बाजू दिवसभर गोठलेली राहते आणि उन्हाकडची सुकते, त्यामुळे हे वारंवार दिसतं. ब्रेक दाबल्यावर कोरड्या बाजूची चाकं जास्त धरतात आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक एबीएस कमी पकड असलेल्या चाकाच्या हिशेबाने ठेवतं, आणि पुढच्या धरणाऱ्या चाकावरचा दाब बऱ्याच गाड्यांत हळूहळू वाढवतं, म्हणजे तुम्हाला स्टिअरिंगने सावरायला वेळ मिळावा. थांबायला अंतर थोडं जास्त लागतं, ते त्यामुळेच. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि गाडी ओढली जाईल त्याच्या विरुद्ध हलकेच सांभाळा.

काळा बर्फ कुठे आणि केव्हा असतो?

काळा बर्फ म्हणजे डांबरावरचा पातळ, पारदर्शक गोठलेला थर, जो नुसता ओला रस्ता वाटतो. तो असतो पुलांवर, बोगद्यांच्या तोंडाशी, सावलीतल्या वळणांवर आणि जिथे नाल्याचं पाणी रस्ता ओलांडतं तिथे. अटल बोगद्याच्या दोन्ही तोंडांजवळ हिवाळ्यात याची खास काळजी घ्या. बोगद्यात नऊ किलोमीटर कोरड्या रस्त्यावर गाडी चालवून तुम्ही एकदम उघड्यावर येता. दुपारी वितळलेलं पाणी सूर्य कलल्यावर गोठतं आणि सकाळी ऊन पडेपर्यंत तसंच राहतं. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून पाणी उडत नाही, तर तो बर्फ समजा. शून्य अंशाच्या आसपासचा, वरून ओलसर झालेला बर्फ कडक गोठलेल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, म्हणून ‘आज थंडी कमी आहे’ यावर विसंबू नका.

टायर कोणते?

एबीएस, ईएसपी, ४एच या सगळ्यांचा हिशेब शेवटी रस्त्याला टेकलेल्या रबरावर येतो, म्हणून खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. सोलापुरात बहुतेकांकडे हायवे किंवा ऑल टेरेन टायर असतात. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या तापमानात टिकणारं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. ऑल टेरेनची मोठी नक्षी भुसभुशीत बर्फात चांगली धरते, पण काचेवर रबरच कडक असल्याने तिचा उपयोग फार होत नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) एवढंच असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नक्षीची कायदेशीर खोली १.६ मिलिमीटर असली तरी बर्फासाठी ४ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. नवे दोन पुढे आणि झिजलेले दोन मागे असा संसार ४एच मध्ये ट्रान्सफर केसलाही झेपत नाही आणि एबीएसच्या हिशेबालाही.

हवा किती ठेवायची?

मॅन्युअलमध्ये आहे तेवढीच, पण तिथे पोहोचल्यावर सकाळी थंड टायरवर मोजून. सोलापुरात ३० अंशांना ३३ पीएसआय भरली आणि उणे ५ अंशांच्या सकाळी मनालीच्या उंचीवर मोजली, तर थंडीमुळे पाच-सहा पीएसआय कमी होतात आणि उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने दोन-अडीच परत वाढलेले दिसतात. गेज ३० च्या आसपास दाखवतं. चारही टायर सारखे आहेत ना, हे पाहणं जास्त महत्त्वाचं. वाळूतल्यासारखी हवा अर्ध्यावर आणू नका. काचेवर त्याने फार काही मिळत नाही, आणि दगडावर रिम आपटते.

चेन कोणत्या चाकांना लावायची? एबीएसला त्याचा त्रास होतो का?

चारही चाकांना लावता आली तर उत्तम. एकच जोडी असेल तर पुढे की मागे, हे मॅन्युअल सांगेल, कारण काही गाड्यांत एका ॲक्सलवर चेनला जागाच नसते. फक्त पुढे लावली तर उतारावर ब्रेक मारल्यावर मागची बाजू फिरू शकते. फक्त मागे लावली तर वळताना तोंड सरळ जातं. दोन्हींची जाणीव ठेवून वेग ठेवा.

एबीएस चेनसह चालतं. त्रास सैल चेनचा होतो. तिची कडी आत आपटून सेन्सरची वायर किंवा ब्रेकचा रबरी होज तोडते. म्हणून चेन लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. वेग ताशी ३० च्या आत ठेवा. कोरडं डांबर लागलं की काढा.

चेन टायरच्या मापाने घ्या. जिम्नीचं माप १९५/८० आर १५ आहे. थारमध्ये मॉडेलप्रमाणे २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ येतं. विकत घेतल्यावर सोलापुरातच, घरच्या अंगणात, हातमोजे घालून दोनदा लावून-काढून पाहा. उणे तापमानात, अंधारात, ओल्या बोटांनी ती पहिल्यांदा उलगडणं फार अवघड जातं. बर्फ पडल्यावर लाहौलच्या किंवा गुलमर्गच्या रस्त्यावर अनेकदा फोर बाय फोर किंवा चेन असल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

वाटेत एबीएसचा दिवा लागला. आता?

फक्त पिवळा एबीएस दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत आहेत, पण चाकं जाम होऊ शकतात. त्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर ईबीडी गेलेलं असू शकतं किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. गाडी बाजूला घ्या आणि आधी ऑइलची पातळी पाहा.

बर्फात सर्वांत आधी संशय घ्यायचा तो चाकांत साचलेल्या राडीचा. ती हबजवळ गोठते आणि सेन्सर झाकते किंवा वायर ताणते. कोमट पाण्याने किंवा लाकडी काठीने ती काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. दुसरं कारण बॅटरी. थंडीत स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली गेलं की दिवा लागतो. बॅटरी चार्ज होऊन गाडी पुन्हा बंद-चालू केल्यावर तो गेला, तर काळजी नाही. तरीही गेला नाही तर स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून कोणत्या चाकाचा बिघाड-कोड आहे ते पाहावं लागेल. तोवर एबीएस नाही असं समजूनच चालवा.

निघण्यापूर्वी सोलापुरात काय करून घ्यायचं?

पहिलं काम ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषलेल्याचा मानकाप्रमाणे १५५ पर्यंत खाली चालतो. घाट उतरताना हे महत्त्वाचं. थंडीत दुसरी अडचण येते. ऑइल घट्ट होतं, आणि एबीएसचे व्हॉल्व्ह ते बारीक छिद्रांतून सेकंदाला अनेक वेळा ये-जा करवतात. उणे ४० अंशांना साध्या डॉट ४ ला १,८०० चौरस मिलिमीटर प्रति सेकंद एवढी घट्टता चालते. एबीएस-ईएसपी गाड्यांसाठी बनवलेल्या कमी घट्टतेच्या, क्लास ६ च्या ऑइलला ती ७५० च्या आत असावी लागते. मॅन्युअल परवानगी देत असेल तर तेच भरा. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला. साधारण एक लिटर पुरतं. बदलताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवावे लागतात, आणि नुसत्या पेडल मारण्याने पेडल मऊच राहतं.

दुसरं काम सेन्सर. मंगळवेढा, बार्शीकडच्या काळ्या मातीत गाडी फिरत असेल तर हबजवळ चिखलाचे वाळलेले गोळे असतात. ते धुऊन काढा, चारही वायरींचे क्लिप जागेवर आहेत का पाहा. व्हील बेअरिंगला खेळ असेल तर ते आताच बदला, कारण सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमधलं अंतर मिलिमीटरच्या आसपास असतं आणि खेळामुळे ते बदलत राहतं. नवीन बेअरिंगमध्ये चुंबकीय रिंग एकाच बाजूला असते. उलटं बसवलं तर त्या चाकाचा सिग्नलच येत नाही. दोन वायरींचा आहे म्हणून प्रत्येक सेन्सरला ओहममीटर लावू नका. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरची तपासणी तशी होत नाही, आणि तो खराबही होऊ शकतो. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग पाहत सरळ रस्त्यावर हळू चालवा. एक आकडा वेगळा दिसला तर दोष त्या चाकाचा.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठून इंजिन फुटू शकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं हवं. डिझेल गाडी असेल तर टाकीतलं मैदानातलं डिझेल वर जाण्याआधी संपवून डोंगरातल्या पंपावर भरा.

आमच्या जुन्या जिप्सीला एबीएस नाही. बर्फात नेऊ का?

नेता येते, पण पायाला काम शिकवावं लागेल. चाक जाम होण्याच्या जरा अलीकडे दाब धरून ठेवायचा. जाम झालंच तर पूर्ण सोडून पुन्हा हलकेच दाबायचं. पुढच्या गाडीपासून किमान दहा सेकंदांचं अंतर ठेवा. एबीएसवाल्या गाडीत मात्र असं पंप करू नका.

बर्फ नाही, तर सोलापुरात सराव कुठे करायचा?

मुरमाच्या मोकळ्या माळावर, मालकाला विचारून. आजूबाजूला माणसं, जनावरं, विहीर, बांध काही नको. ताशी ३० वर एका खुणेपाशी ब्रेक पूर्ण दाबा आणि तसाच धरा. थरथर कशी लागते ते पायाला कळू द्या, आणि टेपने अंतर मोजा. मग तेच डांबरावर करा. मुरमावर अंतर का वाढलं, हे डोळ्यांनी दिसेल. तिसऱ्यांदा ब्रेक दाबून धरलेला असतानाच एखाद्या डब्याला वळसा घालून पाहा. पावसानंतरची ओली काळी माती बर्फाच्या जवळ जाणारी असते, पण तिथे वेग २० च्या वर नको. ऊस हंगामात ट्रॉलींनी रस्त्यावर आणलेला चिखल पहिल्या सरीत असाच निसरडा होतो, तेव्हा ही सवय इथेही उपयोगी पडते.

रात्री गाडी उभी करताना?

ओले ब्रेक गोठून चिकटू नयेत म्हणून थांबण्याआधी हळू चालवत दोन-तीनदा हलके ब्रेक मारा, पॅड सुकतात. सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिला नाही ना, ते नक्की पाहा. तो न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर असूनही चाकं मोकळी असतात.

परत आल्यावर काही तपासायचं का?

चाकांच्या आतून, खालून पाण्याने धुऊन घ्या आणि चारही सेन्सरच्या वायरी, ब्रेकचे होज चेनने घासले गेले नाहीत ना ते बोटाने फिरवून पाहा. हवा पुन्हा मोजा. मनालीच्या थंडीत ३३ भरलेली हवा सोलापुरात ३५ अंशांना ३६-३७ च्या आसपास जाते, ती कमी करून घ्या.